मध्य इजिप्शियन क्रियापद: काळ नंतर, आधी धातूचा वर्ग

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य इजिप्शियन (प्राचीन इजिप्तच्या भाषेचं मध्य राज्याच्या काळातलं, साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं रूप) शिकताना 'सेजेम-एफ' या एकाच रूपाचे 'तो ऐकतो', 'तो ऐकेल', 'त्याने ऐकावं', 'तो ऐकत असताना' आणि नकारार्थी वाक्यात चक्क 'त्याने ऐकलं (नाही)' असे पाच अर्थ समोर येतात. मग नेमका कुठला घ्यायचा? आणि वर्तमान, भूत, भविष्य असा सरळ तक्ता कुठे मिळेल?

तसा तक्ता नाही, आणि कुणी करून दिला तर पहिल्या खऱ्या शिलालेखाशीच तो मोडतो. मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. आपल्या व्याकरणात ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावं रूपावरून पडली आहेत, काळावरून नव्हे. 'आलो' हे लाख्यात आहे. पण घरातून अजून पाऊलही न टाकलेला माणूस फोनवर 'आलोच' म्हणतो आणि 'पाऊस आला तर' मधला 'आला' भूतकाळाचा नसतो. इजिप्तचे अभ्यासकही रूपांना आकारावरूनच नावं देतात: सेजेम-एफ, सेजेम-एन-एफ, सेजेमेत-एफ, सेजेम-इन-एफ. नाव कळलं म्हणजे अर्थ कळला, असं समजलात की घोटाळा सुरू.

पुढे जाण्याआधी लिप्यंतराबद्दल. चित्रलिपीत स्वर लिहीत नाहीत. 'ऐकणे' या धातूची फक्त तीन व्यंजनं लिहिली जातात, साधारण स, ज आणि म. त्यांच्यामध्ये 'ए' घालून 'सेजेम' म्हणणं ही केवळ वाचायच्या सोयीची पद्धत आहे. फेरोंच्या काळी कुणी असा उच्चार करत नव्हतं. देवनागरीत आणखी एक अडचण आहे: प्रत्येक अक्षरात 'अ' दडलेला असतो, आणि इजिप्शियनमधले चार वेगवेगळे 'ह'कार आपल्याला दाखवता येत नाहीत. म्हणून इथे समजावण्यापुरती देवनागरी ठीक, पण वहीत अभ्यासकांची रोमन लिप्यंतर पद्धतच वापरा. इथे मी प्रत्यय आडव्या रेघेने तोडून दाखवतो आहे: '-एफ' म्हणजे 'तो', '-एस' म्हणजे 'ती', '-एक' म्हणजे 'तू', '-ई' म्हणजे 'मी' आणि '-एन' कधी 'आम्ही' तर कधी क्रियापदाचा स्वतःचा प्रत्यय. हा शेवटचा दुहेरीपणा पुढे त्रास देणार आहे.

आता मुख्य मुद्दा. 'सेजेम' हे क्रियापद नमुना म्हणून निवडलं गेलं आणि तिथेच शिकणाऱ्यांचं नुकसान झालं. हा धातू सबळ आहे, तीन पक्क्या व्यंजनांचा. त्याचं रूप बदललं तरी लिखाणात काही दिसत नाही, कारण बदल स्वरांत होतो आणि स्वर लिहिलेले नाहीत. गाईचा कान, पुढे घुबड (म), पुढे शिंगवाला साप (फ): वर सांगितलेले पाचही अर्थ याच तीन चिन्हांत. नुसतं 'सेजेम-एफ' पाहून कुठलं रूप आहे ते तज्ज्ञालाही सांगता येत नाही. तज्ज्ञ ओळखतो ते त्याच जागी दुर्बल धातू आला असता तर कसा दिसला असता, हे मनात धरून.

म्हणून पाठ करायचे ते दुर्बल आणि द्वित्वाचे धातू. शेवटी 'इ' किंवा 'उ' असलेले तीन व्यंजनांचे धातू घ्या: मेरी (प्रेम करणे, आवडणे), पेरी (बाहेर पडणे), इरी (करणे), हेसी (प्रशंसा करणे). शेवटची दोन व्यंजनं सारखी असलेले घ्या: माआ (पाहणे), वेनेन (असणे). आणि तीन हट्टी धातू: रेदी किंवा दी (देणे), ई किंवा इऊ (येणे), इनी (आणणे). एवढे धातू पक्के झाले की अर्धं व्याकरण हातात आलं.

यांच्यात काय दिसतं? 'मेर-एफ' आणि 'मेरेर-एफ' ही दोन वेगळी रूपं आहेत. दुसऱ्यात शेवटच्या पक्क्या व्यंजनाचं द्वित्व झालं आहे. लिखाणात कुदळीचं चिन्ह 'मेर' असं दुहेरी मूल्य दाखवतं. त्यानंतर एक तोंड (र) आलं तर ते नुसतं पूरक, कुदळीतलाच 'र' पुन्हा सांगणारं. दोन तोंडं आली तर 'मेरेर'. 'इरी'मध्ये मात्र सावध राहा. तिथे डोळ्याचं चिन्ह एकटंच 'इर' वाचलं जातं, आणि डोळ्याखाली एक तोंड आलं तर ते बहुतेकदा पूरक नसतं, 'इरेर' हे द्वित्वाचं रूप असतं. कुदळीचा नियम डोळ्याला लावला की इथे हमखास चूक होते. 'देणे'चं द्वित्व 'देद' असं होतं आणि त्यात पाव धरलेला हात दोनदा काढतात, त्यामुळे ते लगेच नजरेत भरतं. 'येणे' आणि 'आणणे' यांचं विध्यर्थी रूप तर 'त' घेऊन येतं: 'इऊत-एफ' (त्याने यावं), 'इनेत-एफ' (त्याने आणावं). ज्या जागी 'इऊत-एफ' बसतं, त्या जागी आलेलं 'सेजेम-एफ' विध्यर्थीच असणार. कसोटी हीच.

उदाहरणार्थ 'रेदी'नंतर दुसरं क्रियापद आलं की ते नेहमी विध्यर्थी असतं: 'दी-ई सेजेम-एक', म्हणजे 'तू ऐकशील असं मी करीन', 'तुला ऐकवीन'. मराठीत प्रयोजक रूप करायला '-व-' पुरतं. तिथे हे दोन क्रियापदांचं जोडकाम चालतं. शब्दाच्या सुरुवातीला 'स' लावून केलेली प्रयोजक रूपंही आहेत: मेन (टिकणे) वरून सेमेन (टिकवणे, पक्कं करणे). पण ती शब्दकोशात स्वतंत्र धातू म्हणूनच शोधा.

धातूचा वर्ग ठरला की क्रियापदाच्या आधी काय आहे ते पाहा. इजिप्शियनमध्ये क्रियापद आधी, कर्ता त्यानंतर आणि कर्म त्याहूनही मागे, म्हणजे क्रियापदाची जागा मराठीच्या बरोबर उलट. पण अर्थाची किल्ली बहुधा क्रियापदाच्याही आधी बसलेल्या छोट्या शब्दात असते. 'इऊ' हा निपात आला की वाक्य स्वतंत्र विधान आहे. 'इऊ सेजेम-एफ': तो ऐकतो, ऐकत असतो. 'इऊ सेजेम-एन-एफ': त्याने ऐकलं आहे. 'इऊ-एफ हेर सेजेम': तो ऐकतो आहे, शब्दशः 'तो ऐकण्यावर आहे'. 'इऊ-एफ एर सेजेम': तो ऐकणार आहे. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना 'हेर'ऐवजी 'एम' लागतं. बोलक्या शेतकऱ्याच्या कथेत तो बायकोला सांगतो, 'पाहा, मी खाली इजिप्तला चाललो आहे', तिथे 'एम' अधिक 'हात' (उतरणे) असंच रूप आहे. 'मेक' म्हणजे 'हे पाहा'. समोरच्याला उद्देशून असतं. आणि क्रियापदाआधी काहीच नसेल तर घाई करू नका. वाक्य कदाचित आधीच्या वाक्याला टेकलेलं आहे: 'तो ऐकत असताना', 'त्याने ऐकल्यावर'.

आता 'सेजेम-एन-एफ'. शिकवणीत याला सरसकट भूतकाळ म्हटलं जातं. हे रूप क्रिया पुरी झाल्याचं सांगतं, ती कधी झाली ते नाही. देवळांच्या भिंतींवर देव राजाला म्हणतो, 'दी-एन-ई एन-एक आंख'. याचं भाषांतर 'मी तुला जीवन दिलं होतं' असं केलं की सगळा अर्थ गेला. देव त्याच क्षणी देतो आहे. 'घे, दिलं तुला' हे आपलं लाख्यात इथे चपखल बसतं.

मराठी वाचकाला एक फायदा इथेच आहे, आणि तो इंग्रजी वाचकाला नाही. आपण 'त्याने ऐकलं' म्हणतो पण 'तो आला' म्हणतो. सकर्मक क्रियापदाला 'ने' लागतो, अकर्मक क्रियापद मात्र कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. मध्य इजिप्शियनमध्ये पूर्ण झालेली क्रिया सांगताना अशीच फाळणी आहे. सकर्मक धातू 'सेजेम-एन-एफ' घेतात. येणे, जाणे, बाहेर पडणे असे धातू मात्र स्थितिवाचक रूपात जातात, आणि त्या रूपाला स्वतःचे वेगळे प्रत्यय आहेत: 'मी'साठी '-कू', 'तू'साठी '-ती', 'ती'साठीही '-ती', 'तो'साठी '-उ' (पण हा बहुतेकदा लिहिलाच जात नाही), 'आम्ही'साठी '-विन'. म्हणून 'मी आलो' हे 'इऊ-ई ई-कू'. साम्य इथपर्यंतच न्या. आपल्याकडे 'तो बोलला', 'मी शिकलो' असे अपवाद आहेत, ते तिकडे शोधू नका. तिकडचे अपवाद वेगळे: 'रेख' म्हणजे 'जाणून घेणे', आणि सकर्मक असूनही 'इऊ-ई रेख-कू' म्हणजे 'मला माहीत आहे'. एरवी सकर्मक धातूचं स्थितिवाचक रूप कर्मणी अर्थ देतं: केलेला, ठेवलेला, बांधलेला. हे रूप वेगळं आहे हे जर्मन अभ्यासक आडोल्फ एरमान यांनी 1889 मध्ये दाखवलं; त्याआधी त्याची गणती नीट होत नव्हती.

प्रत्यक्ष मजकुरात हे कसं दिसतं ते पाहू. मध्य राज्याच्या काळातल्या जहाज फुटलेल्या खलाशाच्या कथेचा आरंभ यासाठी फार उपयोगी आहे, कारण पाचसात छोट्या वाक्यांत बहुतेक सगळी रूपं येऊन जातात. एक अनुचर आपल्या सरदाराला धीर देतो आहे.

'वेजा इब-एक': तुझं मन निश्चिंत असो. आधी काही नाही, इच्छा आहे, म्हणजे विध्यर्थी सेजेम-एफ. कर्ता 'इब' (हृदय) क्रियापदानंतर आला आहे.

'मेक पेह-एन-एन खेनू': पाहा, आपण घरी पोचलो. इथे दोन 'न' लागोपाठ आहेत. पहिला क्रियापदाचा, दुसरा 'आम्ही'चा. 'पोचणे' मराठीत अकर्मक. पण 'पेह' सकर्मक आहे, 'गाठणे' असं समजा, म्हणून '-एन-' रूप.

'शेसेप खेरपू, हू मेनित': हातोडा घेतला गेला, खुंट ठोकला गेला. प्रत्यय नाही, 'तो' नाही, क्रियापदानंतर सरळ नाम. हे जुनं कर्मणी रूप. ज्याला हे माहीत नाही तो 'हातोड्याने घेतलं' असं काहीतरी वाचतो. कर्मणीसाठी '-तू' हा प्रत्ययही आहे (सेजेम-तू-एफ, तो ऐकला जातो), पण पूर्ण झालेल्या क्रियेसाठी हे बिनप्रत्ययाचं रूप जास्त भेटतं.

पुढे 'नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) दोर जमिनीवर टाकलेला', तिथे 'रेदी-ती' आहे. कर्ता आधी, क्रियापद नंतर. सेजेम-एफमध्ये नाम असलेला कर्ता क्रियापदाच्या आधी कधी येत नाही, तेव्हा हे स्थितिवाचकच. शिवाय दोर हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून '-ती'.

'से नेब हेर हेपेत सेनू-एफ': जो तो आपल्या सोबत्याला मिठी मारतो आहे. हेर अधिक क्रियार्थक नाम ('मिठी मारणे' असं नाम), चालू क्रिया.

आणि खलाशांचा ताफा 'ई-ती आज-ती', सुखरूप परतलेला. 'इसूत' (ताफा) हा समूहवाचक शब्द स्त्रीलिंगी एकवचनी आहे, म्हणून दोन्ही क्रियापदांना '-ती'. अर्थ बघून अनेकवचन शोधत बसलात तर सापडणार नाही.

नकारावर थोडं जास्त थांबावं लागेल, कारण सर्वांत जास्त चुकीची भाषांतरं इथेच होतात. नकाराची चिन्हं दोन: नुसते पसरलेले हात (ने), आणि पसरलेले हात व त्याखाली पाण्याची लाट (नेन). जुन्या राज्याच्या मजकुरात हा फरक पक्का नसतो, मध्य राज्यात बराचसा पाळलेला दिसतो. आता गंमत पाहा. 'ने सेजेम-एफ' म्हणजे 'त्याने ऐकलं नाही'. 'ने सेजेम-एन-एफ' म्हणजे 'तो ऐकत नाही', 'त्याला ऐकू येत नाही', 'ऐकवत नाही'. होकारात ज्या '-एन-'ने पूर्ण झालेली क्रिया सांगितली, त्यानेच नकारात सर्वसाधारण वर्तमान सांगितला, आणि उलटही. हे बॅटिस्कोम गन यांनी 1924 मध्ये उदाहरणांची रास घालून सिद्ध केलं, तेव्हापासून याला गनचा नियम म्हणतात. त्याआधीची भाषांतरं वाचत असाल तर नकारार्थी वाक्यं पुन्हा तपासून घ्या.

'नेन सेजेम-एफ' म्हणजे 'तो ऐकणार नाही'. 'ने सेजेमेत-एफ' म्हणजे 'त्याने अजून ऐकलेलं नाही', आणि पोटवाक्यात 'ऐकण्यापूर्वीच'. त्याच खलाशाच्या कथेत जहाजावरच्या अनुभवी माणसांचं वर्णन आहे: वादळ 'ने ईत-एफ', तुफान 'ने खेपेरेत-एफ' असतानाच ते त्याची वर्दी देत, म्हणजे ते आलेलं नसताना, घडलेलं नसताना. 'खेपेर' (होणे) सबळ धातू आहे, त्याला एरवी 'त' लागायचं कारण नाही. तो 'त' दिसला की हेच रूप.

गनच्या नियमाला अडकवणारा शब्द पुन्हा 'रेख'च. 'ने रेख-एफ' म्हणजे 'त्याला माहीत नाही', वर्तमानातच. नियम मोडत नाही. धातूचा अर्थ 'जाणून घेणे' आहे, 'त्याने जाणून घेतलं नाही' म्हणजेच 'त्याला माहीत नाही'. आज्ञार्थाचा नकार 'एम' या वेगळ्याच क्रियापदाने होतो. बेटावरचा नाग घाबरलेल्या खलाशाला म्हणतो, 'एम सेनेज', घाबरू नकोस, आणि पुढे लेखकूने 'दोनदा' अशी खूण केली आहे. तेवढं मोठ्याने दोनदा वाचायचं. पोटवाक्यात आणि क्रियार्थक नामापुढे नकारासाठी 'तेम' येतो: 'एर तेम सेजेम', ऐकू नये म्हणून.

मग ते द्वित्वाचं 'मेरेर-एफ' कशासाठी? बराच काळ त्याला 'नेहमी घडणारी क्रिया' म्हणत आणि पुढे जात. हान्स याकोब पोलोत्स्की यांनी 1944 मध्ये कॉप्टिकवरच्या (इजिप्शियनच्या ग्रीक अक्षरांत लिहिलेल्या शेवटच्या रूपावरच्या) अभ्यासातून दाखवलं की असं रूप वाक्याच्या सुरुवातीला आलं की वाक्याचं वजन क्रियापदावर नसतं, शेवटच्या क्रियाविशेषणावर असतं. सरावासाठी रचलेलं वाक्य: 'पेरेर-एफ', पुढे 'पहाटे'. 'तो पहाटे बाहेर पडतो' असं भाषांतर चुकीचं नाही, पण बेचव आहे. 'तो बाहेर पडतो तो पहाटेच' हे बरोबर. तुमच्या हाताशी मराठीत ही तयार घडण असताना 'ज्या वेळी तो बाहेर पडतो ती वेळ पहाटेची आहे' असली लांबण लावायचं कारण नाही.

भूतातही हे चालतं, आणि तिथे खूण आणखी स्पष्ट आहे. 'येणे' हा धातू पूर्ण झालेल्या क्रियेसाठी स्थितिवाचकात जातो असं वर म्हटलं. तरीही कबरींवरच्या आत्मवृत्तांत 'ई-एन-ई एम निउत-ई' असं येतं: '-एन-' रूप. लेखकू चुकलेला नाही. वजन 'माझ्या नगरातून' या शब्दांवर आहे: मी आलो तो माझ्या नगरातून. जाण्यायेण्याचं क्रियापद '-एन-' रूपात दिसलं की वाक्याच्या टोकाकडे पाहायची सवय लावून घ्या. पोलोत्स्कींच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. सेजेम-एफखाली नेमकी किती वेगळी रूपं दडली आहेत यावर अजून एकमत नाही. शिकणाऱ्याने त्या वादात पहिल्या वर्षी पडू नये. दोन वेगळ्या परंपरांची पुस्तकं एकाच वेळी उघडली तर एकाच रूपाला दोन नावं मिळतील. एक पुस्तक शेवटपर्यंत न्या, मग दुसरं.

कृदंतांत द्वित्वाचा अर्थ सरळ आहे: क्रिया पुन्हापुन्हा, चालू. अधिकाऱ्यांच्या शिलालेखांत एक ठरीव वाक्य शेकडो वेळा भेटतं: 'इरेर हेसेसेत नेब-एफ' आणि पुढे 'दररोज' या अर्थाचे शब्द. आपला धनी ज्याची प्रशंसा करतो ते दररोज करणारा. 'इरेर' हे कृदंत, 'हेसेसेत' हे संबंधी रूप (स्त्रीलिंगी 'त' इथे 'जे ते' असा नपुंसक अर्थ देतो), दोन्हींत द्वित्व, आणि 'दररोज' त्याची साक्ष देतो. एकदाच केलेलं असतं तर 'इर' आणि 'हेसेत' आलं असतं.

प्रत्ययांकडे काटेकोर पाहण्याने इतिहास कसा हाती लागतो त्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. 1829 मध्ये चित्रलिपी उलगडणारे फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों देर-अल-बहरीच्या देवळात गेले तेव्हा भिंतीवर दाढी लावलेला, पुरुषी वेशातला राजा दिसत होता, पण त्याच्याविषयीची नामं आणि क्रियापदं स्त्रीलिंगी होती. त्यांना त्याचा उलगडा झाला नाही. ती राणी हातशेपसूत होती. नंतरच्या राजांनी तिची नावं खरवडून तिथे आपापली घातली. स्त्रीलिंगी 'त' मात्र जागोजाग तसेच राहिले. राजाच्या नावापुढे 'दी आंख' (जीवन दिलेला) हे ठरीव शब्द येतात, तिच्या नावापुढे 'दी-ती आंख' दिसतं, हीही तीच गोष्ट.

आता नेमकं काय चुकतं ते. पहिलं, शब्द कुठे संपतो ते न पाहणे. क्रियापदाच्या शेवटी अर्थसूचक चिन्ह असतं: जाण्यायेण्याला चालते पाय, बोलण्या-खाण्या-भावनेला तोंडाशी हात नेलेला माणूस. '-एन-', '-तू' आणि सर्वनामाचे प्रत्यय या चिन्हानंतर येतात. क्रियार्थक नामाचा 'त' मात्र त्याच्या आधी. घर, तोंड, चालते पाय, लाट, साप: पेर-एन-एफ. घर, तोंड, भाकरी (त), चालते पाय: पेरेत, 'बाहेर पडणे'. पण 'पेरेत' हेच स्त्रीलिंगी कृदंतही असू शकतं, आणि अर्थसूचक चिन्ह बदललं तर पेरणीच्या ऋतूचं नावही. म्हणून चिन्ह आधी, तर्क नंतर.

दुसरं, लाटांची गर्दी. 'रेदी-एन एन-एफ नेसू नेबू' या रचलेल्या वाक्यात 'दिलं', मग 'त्याला', मग 'राजाने', मग 'सोनं' असा क्रम आहे. सर्वनामी 'त्याला' नामरूपी कर्त्याच्याही पुढे उडी मारतं. हा नियम पक्का आहे. दोन लाटा आणि साप पाहून नवशिक्या 'त्याने दिलं' असं जुळवतो आणि राजाला सोनं घेणारा करून टाकतो. क्रम असा पाठ करा: क्रियापद, प्रत्ययरूपी कर्ता, सर्वनामी 'ला', सर्वनामी कर्म, मग नाम असलेला कर्ता, नाम असलेलं कर्म, शेवटी क्रियाविशेषण. नामाला 'ला' लागलं असेल तर ते मागे जातं.

तिसरं, न लिहिलेला 'मी'. जुन्या शिलालेखांत '-ई' हा प्रत्यय सर्रास गाळलेला असतो. वर दिलेलं 'मी माझ्या नगरातून आलो' हे प्रत्यक्षात दगडावर नुसतं 'ई-एन एम निउत' असं असतं. आत्मवृत्त वाचताना कर्ता सापडत नसेल तर तो बहुधा 'मी' आहे.

काही रूपं ठरावीक मजकुरातच भेटतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका, ओळखता आली म्हणजे झालं. कथेत 'जेद-इन-एफ' (तेव्हा तो म्हणाला) आणि 'आहा-एन' अधिक '-एन-' रूप (मग त्याने अमुक केलं). वैद्यक आणि गणिताच्या पपायरसांत '-खेर-': उदाहरणार्थ 'जेद-खेर-एक', म्हणजे 'तू म्हणावंस'. एडविन स्मिथ पपायरसमध्ये 48 रुग्णप्रकार आहेत आणि तपासणीनंतर वैद्याने काय म्हणावं ते येऊन मग निदान आणि उपचार करायचे की नाही याचा निर्णय येतो. ऱ्हिंद गणिती पपायरसमधल्या सूचनाही याच धाटणीच्या. '-का-' रूप भविष्यातल्या परिणामासाठी, तेही विरळ.

सरावाला खलाशाची कथा घ्या, आत्मवृत्तं त्यानंतर, आणि धार्मिक मजकूर सर्वांत शेवटी, कारण तिथे जुनी रूपं मुद्दाम जपलेली असतात. प्रत्येक क्रियापदासाठी वहीत चार रकाने आखा: धातूचा वर्ग, आधीचा शब्द, प्रत्यय, आणि त्या जागी 'मेरी', 'येणे' किंवा 'देणे' असतं तर काय दिसलं असतं. अर्थ पाचव्या रकान्यात. अडलं तर बर्लिनच्या 'थेसॉरस लिंग्वे ऐगिप्तिए' या मोफत ऑनलाइन कोशात धातू टाका. तिथे प्रत्येक वाक्य शब्दशः फोडून दिलेलं असतं आणि त्याच धातूची इतर मजकुरांतली रूपं शेजारीशेजारी पाहता येतात.

आणि मजकुराचा काळ तपासल्याशिवाय यातला कुठलाही नियम लावू नका. एकोणिसाव्या-विसाव्या राजवंशातली पत्रं आणि न्यायालयीन नोंदी नव्या इजिप्शियनमध्ये आहेत. तिथे सकर्मक धातूचं नुसतं सेजेम-एफ हे सरळ भूतकाळी विधान होतं, गनचा नियम लागू पडत नाही, आणि जुन्या रूपांची जागा कर्ता आधी घेणाऱ्या रचना घेऊ लागतात. त्यांचंच टोक म्हणजे कॉप्टिक. ग्रीक अक्षरांत लिहिल्यामुळे तिथे स्वर अखेर दिसतात: 'बांधणे' हे 'कोत', 'बांधलेलं' हे 'केत'. चित्रलिपीत ही दोन्ही रूपं एकाच व्यंजनांनी लिहिली गेली असती.